बाबांना घेऊन टेक्ससच्या खाडीत कयाकवरून ट्राउट धरायला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, तीन महिन्यांसाठी ह्यूस्टनला आले आहेत. लहानपणी कळकाच्या काठीला गळ आणि बूच बांधून त्यांनी मासे धरलेत. पोहता येतं. रक्तदाब आहे, थोडी साखर आहे, गुडघे कुरकुरतात. तुम्ही तळ्यात कयाक चालवली आहे, खाऱ्या पाण्यात कधीच नाही. जोडकयाक घ्यावी की दोन वेगळ्या, आणि ट्राउट मिळायला किती आत जावं लागेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. किनाऱ्यापासून दोनशे-तीनशे मीटर पुरेत. सकाळच्या पहिल्या तासात ट्राउट कमरेएवढ्या पाण्यात, गवताच्या कडेला आणि कालवांच्या खडकांजवळ कोळंबी आणि लहान बोई खायला आलेली असते. मोटरबोटवाले लांब जातात कारण त्यांना जाता येतं. तुम्ही दिवस आखाल तो वाऱ्याचा आणि बाबांच्या अंगातल्या ताकदीचा हिशेब करून आखा. मासा त्या हिशेबात आपोआप बसतो.

मी माझ्या बाबांना पहिल्यांदा नेलं तेव्हा नेमकं उलटं केलं. गॅल्व्हस्टनच्या वेस्ट बेमध्ये पहाटे वारा पडलेला होता. पक्षी लांबवर पाण्यावर तुटून पडताना दिसले आणि मी त्यांच्या मागे निघालो. वारा हळूहळू पाठीमागून उठत होता, म्हणून कयाक मजेत पळत होती आणि मला ते कळलंच नाही. दोन मैल गेल्यावर मागे वळलो तेव्हा समोरून पांढऱ्या फेसाच्या लाटा. परतायला अडीच तास लागले. बाबा पुढे बसून वल्हवत होते, एक शब्द बोलले नाहीत. किनाऱ्यावर थर्मासमधला चहा दिला तर बोटं आखडल्यामुळे त्यांना कप धरवेना. त्यानंतर मी एक नियम केला आणि आजतागायत मोडलेला नाही: वडीलधारं माणूस बरोबर असताना निघायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणून सोडतो.

इथल्या वाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. टेक्ससच्या किनाऱ्यावर वर्षातला बराचसा काळ आग्नेयेकडून वारा येतो. उन्हाळ्यात पहाटे पाणी आरशासारखं असतं आणि दहा-अकराच्या सुमाराला समुद्रावरचा वारा जोर धरतो. इथल्या खाड्या उथळ आहेत, त्यामुळे लाट उंच होत नाही, पण आखूड आणि टोकदार होते, आणि कयाकला तीच जास्त त्रास देते. हवामानाच्या अंदाजात ताशी १० मैलांपर्यंत वारा असेल तर जा. १५ दाखवत असेल तर बाबांना घेऊन जाऊ नका, एकटे असाल तर गोष्ट वेगळी. आग्नेयेचा वारा असताना बेटाच्या आतल्या बाजूचा किनारा आडोशाला येतो, म्हणजे वेस्ट बेमध्ये दक्षिणेकडची कड. तिथे समोरच्या काठापेक्षा पाणी कितीतरी शांत मिळतं.

भरती-ओहोटीचं गणित इथे वेगळं आहे. मेक्सिकोच्या आखातात पाण्याचा चढउतार जेमतेम एक-दोन फुटांचा, आणि बऱ्याच दिवशी भरती एकदाच येते. दक्षिणेकडे लगुना माद्रे नावाच्या लांबट खाडीत तर तेवढंही नाही. इथे पाणी वाढतं-घटतं ते बरंचसं वाऱ्याने. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारा आला की खाडीतलं पाणी अक्षरशः बाहेर ढकललं जातं, आणि सकाळी जिथून आलात तिथे दुपारी नुसता चिखल असतो. असा वारा येणार असं अंदाजात असेल तर तो यायच्या आदल्या दिवशी मासा भुकेने खातो हे खरं, पण त्या मोहात बाबांना ओढू नका. आणि तरीही पाणी थोडं का होईना वाहतं असेल तीच वेळ निवडा. साचलेल्या पाण्यात ट्राउट तोंड उघडायला आळस करते.

आता कयाक. पहिल्या तीन फेऱ्यांसाठी जोडकयाक घ्या, वर उघडी बसायची, १२ ते १४ फूट लांब, ३३ इंचांहून रुंद. घेण्याआधी भाड्याने घ्या. दोघांचं वजन अधिक सामान धरून बेरीज करा, आणि ती कयाकवर लिहिलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाच्या आत हवी. त्यापुढे गेलात तर बुडत नाही, पण पाण्यात खोल बसते, वळत नाही आणि बैठकीच्या भोकांतून पाणी वर येतं. तुम्ही मागे बसा, कारण दिशा मागचा सांभाळतो. बाबा पुढे. त्यांच्या हातात वल्ह्यापेक्षा काठी जास्त वेळ असू दे. दोघांनी एकाच वेळी गळ फेकायचा नाही. पुढच्याने समोर फेकायचा, मागचा फेकेल तेव्हा पुढच्याला सांगून आणि आडवा फेकेल. मी लोकांच्या कानातून, टोपीतून आणि एकदा पाठीतून गळ काढले आहेत, आणि त्यातला एकही परक्याने लावलेला नव्हता.

बाबांना सवय झाली, त्यांना स्वतःची कयाक हवीशी वाटली, की दोन वेगळ्या घ्या. त्यांच्यासाठी उंच खुर्चीची बैठक असलेली बघा. खाली पाय लांब करून बसलं की सत्तरीतल्या माणसाच्या कमरेला अर्ध्या तासात कळ लागते आणि ते सांगत नाहीत. पायाने चालवायची कयाकही येते, हात काठीसाठी मोकळे राहतात, पण कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना ती आधी अर्धा तास चालवून बघू द्या. दोन कयाक असतील तेव्हा ओढायची दोरी तुमच्याकडे हवीच, १५ फुटांची तरी.

चढण्या-उतरण्याचा सराव घरच्या जवळच्या तळ्यात करा. बहुतेक माणसं कयाकमधून पडतात ती चढता-उतरताना. पाणी गुडघ्याइतकं असताना कयाक दोन पायांच्या मध्ये घ्यायची, आधी बूड टेकवून बसायचं, मग पाय आत. उतरताना उलट क्रम. तुम्ही बाजूला उभं राहून कयाक धरायची, बाबांचा हात धरायचा नाही. हात धरला की दोघंही पडतात. आणि एकदा मुद्दाम उलटून पाण्यातून परत वर येऊन बघा, दोघांनीही. बाबांना स्वतःच्या ताकदीवर वर येता येत नाही असं दिसलं तर ते आधीच कळलेलं बरं. मग खाडीत पाय टेकतील इतक्याच पाण्यात राहायचं. सुदैवाने इथे तेवढं उथळ पाणी मैलोन्‌मैल आहे.

लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं. कायद्याने प्रत्येकासाठी एक कयाकवर असलं तरी पुरतं, १३ वर्षांखालच्या मुलांना मात्र ते घालणं बंधनकारक आहे. पण खुर्चीमागे खोचलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. मी बाबांना सांगायचो, "तुम्ही घाला म्हणजे मीही घालतो." शिट्टी जॅकेटलाच बांधा. अंधारात निघणार असाल तर पांढरा दिवा लागतो. फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत, आणि किती वाजता, कुठून निघालो, किती वाजेपर्यंत परत, हे घरी लिहून ठेवा.

नांगराची एक गोष्ट. नांगर कधीही कयाकच्या बाजूला बांधू नका. वारा किंवा बोटीची लाट आली की बाजू ओढली जाते आणि कयाक पालथी होते. तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा. उथळ पाण्यात मी नांगराऐवजी चिखलात रोवायची सहा फुटांची काठी वापरतो, आवाज होत नाही आणि एका हिसक्यात निघते. जहाजांच्या मार्गाजवळ, इंट्राकोस्टल वॉटरवेच्या कडेला, मुळीच थांबू नका. बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट तराफा, गेल्यावर आधी पाणी ओढलं जातं आणि मग लाट येते.

कुठे जाल? ह्यूस्टनहून जवळचं म्हणजे गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कची खाडीकडची बाजू. तिथे कयाकसाठी आखलेले मार्ग आहेत, दलदलीतल्या लहान लहान आडोशाच्या खाचा आहेत, आणि बाबा दमले तर गाडी जवळ असते. थोडं पुढे ख्रिसमस बे, उथळ, तळाला गवत असलेली, पण तिथे कालवांचे खडक जपून. एखादा शनिवार-रविवार राहायला जाणार असाल तर अरान्सस पासजवळचे लाइटहाउस लेक्स. तिवरांमधून क्रमांक लावलेल्या पाट्यांचा जलमार्ग आहे आणि लिडिया अ‍ॅन वाहिनीवरचं एकोणिसाव्या शतकातलं दीपगृह सतत नजरेत राहतं, त्यामुळे दिशा चुकायची भीती कमी. तिवरांच्या फांद्यांवर कालवं चिकटलेली बघून माझे बाबा पाच मिनिटं गळ विसरले होते. गवत असलेल्या तळावर कयाक ओढू नका. या गवतातच कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात, आणि टेक्ससमध्ये बोटीच्या पंख्याने ते उपटणं कायद्याने गुन्हा आहे.

आता माशाकडे येऊ. जिला इथे सगळे ट्राउट किंवा स्पेक म्हणतात ती थंड ओढ्यातली ट्राउट नव्हेच. पाठीवरच्या काळ्या ठिपक्यांमुळे नाव पडलं. कूळ तिचं आपल्या घोळीचं आणि ढोम्याचं. बाबांना हे पहिल्यांदा सांगा, त्यांना मासा लगेच ओळखीचा होईल. याच कुळातल्या माशांसारखा नर ट्राउट पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून घुमल्यासारखा आवाज काढतो. हातात धरल्यावर तो बोटांना जाणवतो. वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे असतात, तोंडात बोट घालू नका. आणि तोंडाची कातडी कागदासारखी पातळ. सगळी मासेमारी या शेवटच्या गोष्टीवर ठरते. जोरात हिसका दिला की गळ फाडून निघतो.

म्हणून सामान हलकं ठेवा. साडेसहा-सात फुटांची मध्यम-हलकी काठी, २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ, १० पाउंड ताण सोसणारी विणलेली दोरी, टोकाला २० पाउंडांची दोन फूट फ्लुरोकार्बनची दोरी. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ओढीला सुटेल ते ठरवणारी कळ, सैल, हाताने दोरी ओढली तर न कुरकुरता सुटली पाहिजे.

बाबांसाठी मी डोळे मिटून पॉपिंग कॉर्क सुचवेन. बूच, त्याखाली दीड ते दोन फूट दोरी, आणि जिवंत कोळंबी. कोळंबी तिच्या डोक्यावरच्या काट्याखालून टोचायची, आतला काळा ठिपका चुकवून. तो ठिपका टोचला की ती लगेच मरते. फेकायचं, सैल दोरी गुंडाळायची, मनगटाने एक झटका. बूच पाण्यात गपकन आवाज करतं, ट्राउट पृष्ठभागावर कोळंबी खाताना होतो तसा. मग पंधरा-वीस सेकंद काहीही करायचं नाही. नवखी माणसं इथे चुकतात, सारखे झटके देत राहतात. ज्यांनी लहानपणी बुचाकडे टक लावून दुपार काढली आहे त्यांना हे थांबणं शिकवावं लागत नाही. बूच बुडालं की हिसका नको, फक्त सैल दोरी गुंडाळून काठी उचला. मासा वर आला की डोकं हलवून गळ झटकतो. तेव्हा काठी आडवी खाली धरायची आणि दोरी ताठ ठेवायची. जाळी रबराची, माशाखाली आधीपासून बुडवून ठेवलेली, आणि मासा डोक्याकडून आत.

तुम्ही स्वतः जिगवर, म्हणजे डोक्याला वजन असलेल्या गळावर, मऊ प्लॅस्टिकचा मासा लावून बघा, पाव औंसाहून हलका. पण तीन हुकांची आमिषं जोडकयाकवर आणू नका. एकेरी हुक वापरा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर हे आणखी महत्त्वाचं.

मासा कुठे आहे हे पाणीच सांगतं. बोई घाबरून एकदम उडतात ती जागा. गवतातले वाळूचे उघडे डाग, त्यांच्या कडा. आणि पाण्यावर ताज्या तेलाचा लहानसा तवंग, परातीएवढा. खाणाऱ्या ट्राउटनी ओकलेल्या माशांचं ते तेल असतं आणि त्याला चक्क कलिंगडाचा वास येतो. तवंग वाऱ्याबरोबर वाहत येतो, म्हणून मासा तवंगाखाली नसतो, वाऱ्याच्या दिशेला जरा वर असतो. शरद ऋतूत कोळंबी दलदलीतून बाहेर निघते तेव्हा कुरव पक्षी तिच्यावर घिरट्या घालतात आणि खाली ट्राउट असते. थव्यात घुसायचं नाही. गळ जेमतेम पोचेल इतक्या अंतरावर थांबायचं. थवा तुमच्या ठरवलेल्या हद्दीपलीकडे असेल तर सोडून द्या. मी वर सांगितलेली सकाळ आठवा.

बाबांच्या तब्येतीचं. जूनपासून ऑगस्टपर्यंत उजाडताना पाण्यात आणि साडेनऊला बाहेर, मासे लागत असले तरी. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने त्यांच्यासाठी खूप चांगले. रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल तर उन्हात पाणी लवकर कमी होतं, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, आपल्या मनाने बदलू नका. दर पाऊण तासाला किनाऱ्याला लागा. वडील मुलासमोर लघवीला जायचं म्हणायला संकोचतात आणि मग पाणीच पीत नाहीत, हे मी माझ्या घरात पाहिलंय. तुम्हीच म्हणा की मला उतरायचंय. साखर आहे म्हणून खाणं बरोबर हवं, आणि गोड काहीतरी जॅकेटच्या खिशात.

साखर असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, पण यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल तर जखमेतून होणारा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. पायावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका. कालव किंवा गळ लागला तर तिथल्या तिथे बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. सूज, लाली, जखमेच्या मानाने जास्त वेदना किंवा ताप दिसला तर त्याच वेळी इमर्जन्सीत जा आणि खाऱ्या पाण्यात जखम झाली हे पहिल्या वाक्यात सांगा.

पायात जाड तळाचे बूट हवेत. पाण्यात चालताना पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. वाळूत पाकट दबून बसलेली असते, धक्का लागला की निघून जाते, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. मारलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून डॉक्टर गाठा. शिंगाळ्याच्या जातीचा एक मासाही सारखा गळाला लागतो. बाबा त्याला ओळखतील, पण त्याचे तीन काटे विषारी आहेत हे आठवण करून द्या आणि तो पक्कडीनेच सोडवा.

परवाना दोघांना वेगवेगळा लागतो. ६५ वर्षांवरची सवलत टेक्ससच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना ती नाही. बाबांसाठी बाहेरच्यांचा एका दिवसाचा, सर्व पाण्यांसाठीचा परवाना मिळतो. ट्राउट माणशी दिवसाला ३, लांबी १५ ते २० इंच. २०२४ पर्यंत ही संख्या ५ होती. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्ससच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेल्याचा राज्याच्या मत्स्य विभागाचा अंदाज आहे, आणि ट्राउटला त्याचा मोठा फटका बसला. २० इंचांची वरची मर्यादा मला मनापासून पटते, कारण फार मोठ्या ट्राउट जवळजवळ सगळ्या माद्या असतात. मोठ्या माशासाठी वेगळ्या टॅगचा नियम आहे, तो आणि चालू वर्षाचे आकडे जायच्या आधी विभागाच्या संकेतस्थळावर बघा. मोजताना तोंड मिटलेलं, शेपटी दोन बोटांनी चिमटलेली. सोडायचा मासा ओल्या हातांनी धरा.

ठेवलेला मासा लगेच बर्फात घाला, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचं डोकं-शेपूट कापू नका, तो नियम आहे. घरी कापताना पाठीच्या मांसात पांढरा, शेवयीसारखा किडा दिसेल. घाबरून मासा फेकू नका. शार्कच्या पोटात वाढणाऱ्या कृमीची ती मधली अवस्था आहे, माणसाला अपाय करत नाही, सुरीच्या टोकाने काढून टाकायची. मासा साफ करायचं काम बाबांकडे द्या. तुम्ही नुसते बर्फ आणि सुरी पुढे करा.